खुंटीवरचा स्वेटर

खिडकीजवळच्या खाटेपाशी आल्यावर शिकाऊ डॉक्टरांपैकी उंच मुलगा फिसकन हसला, आणि त्याला डोळ्यांनी दटावायच्या आधी फेरी घेणाऱ्या डॉक्टरबाईंचं स्वतःचंच तोंड हसायला सुटलं होतं. पुढे सगळं होऊन गेल्यावरही त्यांना हेच आठवत राहिलं, की आपण हसलो. खाटेवर पेशंटकाका होते. उशीला टेकून, दवाखान्याचा ढगळ सदरा घालून, दोन्ही हात पोटावर ठेवून, अगदी बाईंच्या वर्गात रोग्याचं काम करायला बसायचे तसेच. ‘काका, आज इथेच परीक्षा का?’ उंच मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सांगायचं तरी, अभ्यास करून आलो असतो.’ चष्मेवाली मुलगी त्यातल्या त्यात गुणी. रोग्याच्या डोक्यावर उभं राहून काही विचारायचं नाही, डोळ्याला डोळा येईल असं बसायचं, हे बाईंचं शिकवणं तिने लक्षात ठेवलं होतं. तिने स्टूल ओढलं, आवाज मऊ केला आणि विचारलं, ‘काका, गेल्या काही दिवसांत दारूचं कसं काय होतं, सांगाल का मला?’ काकांनी तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, ‘डॉक्टर, मी आपला अधूनमधून घेतो.’ घोळका खळखळून हसला. हे वाक्य त्यांच्यात म्हणीसारखंच झालं होतं. कँटीनमध्ये कुणी दुसऱ्यांदा चहा मागितला की बाकीचे म्हणायचे, ‘आपला अधूनमधून घेतो!’ तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. ‘अहो, काय चेष्टा मांडलीय? पहाटे रक्ताची उलटी झालीय त्यांना. भांडंभर.’ हसू विझलं, पण एकदम नाही. ओल्या लाकडासारखं थोडं धुमसत राहिलं, कारण सिस्टरही नाटकात असतील असं कुणाकुणाला वाटत होतं. चष्मेवाली मागे वळून अगदी हळू म्हणाली, ‘मॅडम, डोळ्यांना काही लावलंय का त्यांनी? रंग वगैरे?’ बाई पुढे झाल्या. अंगठ्याने काकांची खालची पापणी ओढली. पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं. पापणी सोडल्यावर त्यांनी आपला अंगठा बघितला. खरोखर उजेडात धरून बघितला. अंगठ्याला पिवळं लागलं नव्हतं.

मग त्यांनी जे करायचं ते केलं. पोटावर बोटं ठेवून बोटांवर बोट वाजवलं, आतलं पाणी ऐकलं, हात पुढे धरायला सांगितले, ते पंख मोडलेल्या पाखरासारखे फडफडले, तेही बघितलं, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, पोटाच्या डॉक्टरांना निरोप धाडला, आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. पुढच्या खाटेवरचा रिक्षावाला झोप लागत नाही म्हणून कुरकुरत होता. त्याचं ऐकताना, त्याच्या पुढच्याचं ऐकताना, बाईंच्या मनात एकच गोष्ट खड्यासारखी टोचत होती: या माणसाचं नाव काय? केसपेपरवर होतं, आत्ताच तर डोळ्यांखालून गेलं होतं, पण डोक्यात राहिलं नव्हतं. इतकी वर्षं आठवड्यातून दोनदा हा माणूस आपल्यासमोर बसला आणि आपण त्याला काका म्हणालो, मुलं पेशंटकाका म्हणाली, त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आणि बाईंच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती. त्यांचा एक नेम होता. पहाटे अंघोळ करून, कुणाशी एक शब्दही बोलायच्या आधी, त्या डोळे मिटून बसायच्या आणि आपल्या वॉर्डातल्या प्रत्येकाचं नाव मनात घ्यायच्या. एकेका नावापाशी एक श्वास थांबायचं. मागायचं काही नाही. मागणं हा व्यवहार झाला. नुसतं नाव घ्यायचं, देवाच्या कानावर घालायचं. माणूस बरा होऊन घरी गेला की त्याचं नाव गळायचं, जगातून गेला तरी गळायचं, पुन्हा झिंगत आला की पुन्हा ओवलं जायचं. ताप आला तरी, सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा, तो नेम चुकला नव्हता. आणि त्या माळेत काकांचं नाव कधी आलं नव्हतं, कारण काका रोगी नव्हते. काका रोग्याचं काम करत होते.

ही शाखा बाईंनी हौसेने घेतली असंही नव्हतं. शिकताना हृदय घेणारे हृदय घेऊन गेले, डोळे घेणारे डोळे, आणि पानात शेवटी जे उरतं ते निमूटपणे संपवायची लहानपणापासूनची सवय, तसं त्यांनी व्यसन घेतलं. थोरली बहीण अजून बोलायची, ‘आमची धाकटी म्हणजे देवमाणूस हो! घरात मोठ्याने शिंकणार नाही, आणि दिवसभर बसते कुठे, तर दारुड्यांत!’ बाई हसून सोडून द्यायच्या. पण काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं, की औषध चुकून माणसं दगावत नाहीत इतकी प्रश्न चुकून दगावतात. ‘दारू पितोस काय रे?’ असं डॉक्टरने दरडावून विचारलं की माणूस ‘नाही’ म्हणतो, डॉक्टर ‘नाही’ लिहितो, आणि ते ‘नाही’ घरी घेऊन माणूस मरायला मोकळा होतो. म्हणून त्यांनी शिकाऊ डॉक्टरांसाठी वर्ग सुरू केला. विचारायचं कसं, याचा वर्ग. विचारा आणि थांबा, एवढंच त्यांचं सूत्र. प्रश्न टाकल्यावर जी शांतता पसरते ती भरून काढायची नाही. ती रोग्याची असते, त्याच्या खिशात हात घालू नका. पण हे शिकवायला खोटा रोगी हवा होता. खऱ्याला कसं बसवणार मुलांच्या हाताखाली? मग कुणीतरी काकांना पाठवलं. ते जुने नट, त्यांची नाटक कंपनी कधीचीच बंद पडली होती. दारातच वाकून नमस्कार करून म्हणाले होते, ‘बाई, आयुष्यभर तीन कामं केली. बापाचं, न्यायाधीशाचं आणि प्रेताचं. प्रेताचं सगळ्यात कठीण. श्वास लपवावा लागतो.’

बाईंनी त्यांना टाचण दिलं होतं. दुकानदार, वय साठच्या आसपास, बायको वारलेली, एक मुलगा, बोलत नाही. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, ‘मुलाच्या जागी मुलगी घेऊ का? मला मुलगी बरी जमते.’ घ्या की, बाई म्हणाल्या. त्यात काय एवढं. आणि पहिल्याच वर्गात तो माणूस खुर्चीत असा बसला की हे नाटक आहे हे मुलं विसरली. अधूनमधून घेतो म्हणाला, मग संध्याकाळी थोडी म्हणाला, मग, एका मुलाला नेमकं थांबता आलं तेव्हा, बऱ्याच वेळाने खाली बघत म्हणाला, ‘मुलीने दार उघडलं नाही परवा. आत होती. चप्पल दिसत होती.’ तो मुलगा रडायला लागला, प्रश्न विचारणारा. बाईंनी टेबलावरची घंटा वाजवून वर्ग संपवला आणि त्या दिवसापासून एक रीत पाडली. त्यांना वाटलं, दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेतलं तर ते उतरवूनही ठेवता आलं पाहिजे. चढलेल्या जिन्याने खाली यायलाच हवं. घरात पडून असलेला एक तपकिरी स्वेटर, पुढून बटणांचा, त्यांनी वर्गात आणून दाराशेजारच्या खुंटीला लावला. वर्ग सुरू होताना काकांनी तो घालायचा, म्हणजे ते दुकानदार. घंटा वाजली की उभं राहायचं, एकेक बटण काढायचं, स्वेटर खुंटीला अडकवायचा आणि सगळ्यांकडे बघून म्हणायचं, ‘संपलं. हा त्याचा स्वेटर. मी बरा आहे.’ मग मुलांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजल्या की काका पुन्हा काका. बाईंना ही रीत मनापासून आवडायची. इतर ठिकाणची मंडळी येऊन वर्ग बघून गेली तेव्हा त्यांनीही नेमकी तीच गोष्ट उचलून नेली. किती सुंदर, असं एक पाहुण्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, किती माणुसकीची काळजी.

फेरी संपली. मुलं कोपऱ्यात कुजबुजत उभी राहिली, उंच मुलगा भिंतीकडे तोंड करून. बाई हात धुवायला गेल्या आणि धूत राहिल्या. साबणाचा फेस मनगटावर चढत होता, आणि एकेक गोष्ट, जी आजवर कौतुकाच्या खणात ठेवली होती, ती आपणहून उठून दुसऱ्या खणात जाऊन बसत होती. लवंग. काकांच्या तोंडात सतत लवंग असायची. आवाजासाठी, म्हणायचे, नटाची सवय. आणि एकदा वर्गातच बाईंनी मुलांना सांगितलं होतं, ‘वास घ्या. लवंग, वेलची, काहीतरी असतंच. बघा, काकांनी केवढा बारीक विचार केलाय!’ काकांनी मान तुकवली होती, बक्षीस घेताना तुकवतात तशी. सकाळचा वर्ग. काका पहिल्यापासून दुपारचा मागत होते. सकाळी अंग मोकळं होत नाही हो बाई, म्हणायचे. त्यावर बाईंनी काय सांगितलं? ‘नाही काका, सकाळीच तुमचं काम जास्त रंगतं. ते हात कापणं, घाम, दुपारी तेवढं येत नाही.’ हे त्या बोलल्या होत्या. ज्यांनी आयुष्यभर हेच शिकवलं, की रात्रीची उतरली की सकाळी हात कापतात आणि पोटात थोडी गेली की थांबतात, त्या स्वतःच्या तोंडाने बोलल्या होत्या. नळ वाहत होता. आणि या सगळ्याच्या तळाशी एक आठवण होती, जिच्याकडे त्या बघायचं टाळत होत्या आणि ती शहाण्या मुलासारखी हाताची घडी घालून आपली पाळी येण्याची वाट बघत होती. मागच्या थंडीतल्या एका वर्गात काकांचा हात इतका कापला होता की पाण्याचा पेला टेबलावर सांडला. वर्ग संपल्यावर बाई त्यांना बाजूला घेऊन, अगदी गोड आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या होत्या, ‘काका, हात एवढा नका कापवू. जरा जास्त होतंय. मुलांना खोटं वाटेल.’ काका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले होते. मग म्हणाले, ‘बरं, बाई. कमी करतो.’ आणि पुढच्या वर्गापासून ते एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून बसायला लागले. ते बाईंना इतकं आवडलं होतं. इतकं खरं वाटलं होतं.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काकांची चप्पल. चेहरा बघूनच कळलं. तेच कपाळ, तीच भुवई. मुलगी. टाचणात बाईंनी लिहिली नव्हती ती मुलगी. ती उठून उभी राहिली, आणि बाईंनी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘डॉक्टर, तुमच्याबद्दल अण्णा खूप बोलायचे. तुमच्या हाताला गुण आहे म्हणायचे.’ बाईंना समजेना. ‘माझ्या?’ ‘मग? इतकी वर्षं तुमच्याकडेच औषध चालू होतं ना त्यांचं.’ औषध? ‘अहो, म्हणजे ते काय असतं, बोलून बोलून करतात ते. आठवड्यातून दोनदा यायचे ते तुमच्याकडे. धुतलेला शर्ट घालून, दाढी करून. कुठे निघालात अण्णा, विचारलं की म्हणायचे, व्यसनाच्या डॉक्टरांकडे. पाच-पाच जण बसून विचारतात मला, म्हणायचे, अगदी खोदून खोदून.’ ती थोडी हसली, आणि हसणं अर्ध्यावरच राहिलं, कारण समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं होतं. ‘आधी आमचं फार वाजायचं. मी दार उघडत नव्हते महिनोन् महिने. मग हे कळलं, म्हटलं चला, माणूस आपल्या पायांनी डॉक्टरकडे जातोय, आणखी काय पाहिजे. मी येऊ का बरोबर, विचारलं होतं एकदा. नको म्हणाले, डॉक्टर रागावतात, एकट्यानेच यायचं असतं. घरात बाटली दिसायची, नाही असं नाही. पण मी गप्प बसले. वाटलं, डॉक्टर बघतायत ना, आपण मध्ये कडमडायचं नाही. हळूहळूच सुटतं म्हणतात.’ मग तिने विचारलं, ‘किती सुटली होती, डॉक्टर?’

विचारा आणि थांबा. ती थांबली होती. कुणी शिकवलं नसताना किती छान थांबली होती. बाईंच्या मनात आलं, खोटं बोलावं. बरीच सुटली होती म्हणावं. या क्षणी त्यासारखं पुण्य नाही. पण पहाटे देवाच्या कानावर नावं घालायची आणि दुपारी खोटं बोलायचं? ‘तुमचे वडील,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मुळातच लहान, तो आणखी लहान झाला, ‘माझ्याकडे शिकवायला यायचे. रोग्याचं काम करून दाखवायचे, मुलांना. मला वाटायचं, ते काम करतायत.’ मुलीने ऐकलं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. ‘म्हणजे तुम्हाला वाटत होतं ते काम करतायत,’ ती म्हणाली, ‘आणि मला वाटत होतं तुम्ही काम करताय.’ तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी तो पदर पसरून घेतला असता. ती नुसती हिशोब न लागणाऱ्या माणसासारखी बघत होती. मग तिने वडिलांचं नाव घेतलं, आडनावासकट पूर्ण, जसं बोलावणं आल्यावर कचेरीत घेतात तसं, आणि म्हणाली, ‘हे त्यांचं नाव. तुम्हाला ठाऊक नसेल.’

पोटाचे डॉक्टर दुपारी येऊन बघून गेले. ते घाईचे गृहस्थ. दारातच म्हणाले, ‘यकृत संपलंय, मॅडम. आता मेंदूवर चढेल. दोन दिवस, चार दिवस. एवढं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही? घरी कुणी बघत नव्हतं का?’ बाई म्हणाल्या, ‘बघत होतो.’ त्यांना ते ऐकू गेलं नसावं. बाई आत जाऊन काकांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या. काका जागे होते, मध्येच डोळ्यांवर साय धरल्यासारखी यायची आणि मध्येच साफ व्हायची. साफ झाली तेव्हा त्यांनी ओळखलं. ‘बाई, आज वर्ग बुडाला तुमचा.’ ‘बुडू दे.’ ‘सांभाळून घ्या पोरांना. चष्मेवाली चांगली आहे. उंच आहे तो प्रश्नातच उत्तर देतो.’ बाईंनी त्यांचा हात धरला. तो त्यांच्या हातात कापत राहिला, आणि आता त्याला कमी कर म्हणायला कुणी नव्हतं. ‘काका, मला का नाही सांगितलंत?’ ‘सांगितलं की,’ काका म्हणाले. ‘आठवड्यातून दोनदा सांगत होतो. पुढ्यात डॉक्टरांची रांग बसवून सांगत होतो. गुण तेवढे पोरांना मिळत होते.’ आणि ते हसले. पडद्यामागे नट एकमेकांना विनोद सांगतात तसं, विष नसलेलं हसणं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, हात सुटला असता. ‘अहो, रडता काय? मला बरं वाटायचं तिथे. घरी कोण एवढं मन लावून विचारतं माणसाला? झोप लागते का, जेवण जातं का, मन कुठे रमतं. काय गोड विचारायची पोरं! बाहेर पडलो की सगळं पुन्हा होतंच. पण तेवढा वेळ…’ मग पुन्हा साय आली. बाईंना वाटलं झोपले. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, ‘एकदा सांगून टाकणार होतो. चष्मेवालीला. म्हणजे स्वेटर बाजूला ठेवून, खरं. ती अशी थांबली होती ना बाई, वा! जिभेवर आलं होतं. आणि तुम्ही घंटा वाजवलीत.’

संध्याकाळकडे काकांना हुडहुडी भरली. दवाखान्याच्या घोंगड्या पुरेनात. मुलगी म्हणाली, काही उबदार असेल का, घरी जाऊन येईपर्यंत, आणि बाई उठल्या, जिना चढून वर्गात गेल्या. वर्ग रिकामा होता. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये टेबल, टेबलावर घंटा, आणि खुंटीला तो स्वेटर. इतक्या वेळा बघितलेला, की बघितला नव्हताच. त्याच्या कोपरांना काकांच्या कोपरांचा आकार आला होता. खिशात लवंगा होत्या, तळाशी चुरा झालेल्या. बाईंनी स्वेटर नाकाशी धरला. लवंगेखाली तो दुसरा वास होता, जुना, मुरलेला, ज्याच्यावर त्यांनी पोट भरलं, ज्याच्यावर त्यांनी भाषणं दिली. त्यांना एक दिवस आठवला: घंटा वाजल्यावर काका दाराबाहेर गेले होते ते स्वेटर घालूनच, बटणं काढायची विसरून, आणि बाईंनी हाक मारली होती, ‘काका, तो इथे ठेवायचा! त्याला घरी कुठे नेताय?’ सगळे हसले होते. काका परत आले होते, खुंटीपाशी उभे राहिले होते, एक बटण, दुसरं बटण, आणि नीट म्हणाले होते, मी बरा आहे. त्यांच्याकडून ते वदवून घेतलं होतं. इतकी वर्षं, आठवड्यातून दोनदा, व्रतासारखं, बाईंनी एका आजारी माणसाकडून मी बरा आहे असं सगळ्यांसमोर वदवून घेतलं होतं, आणि वर टाळ्या.

त्यांनी आणि मुलीने मिळून तो स्वेटर काकांना घातला. सलाइनच्या हाताची बाही रिकामीच राहिली, ती खांद्यावरून घेतली, पुढची बटणं लावली. पुढचे दोन दिवस तो अंगातून निघाला नाही. काका गेले ते त्यातच गेले. पण ते नंतर. त्या संध्याकाळी ऊब लागल्यावर काकांचा चेहरा जरा निवांत झाला, आणि मुलं, जी दिवसभर वॉर्डाच्या दाराशी घोटाळत होती, ती एकेक करून आत आली. उंच मुलगा म्हणाला, ‘काका, सॉरी. सकाळी…’ काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग चष्मेवालीकडे, मग सगळ्या अर्धगोलाकडे, आणि बाईंना दिसलं की त्या पिवळ्या डोळ्यांत जागा बदलली. वॉर्ड गेला, वर्ग आला. समोर मुलं, शेजारी बाई, अंगात स्वेटर. ते पाठ ताठ करायला लागले. सलाइनचा नसलेला हात गळ्यापाशी गेला आणि वरचं बटण शोधायला लागला. बोटं बटणावरून घसरायची, पुन्हा चढायची. ‘अण्णा, राहू दे ना, थंडी वाजेल,’ मुलगी म्हणाली. ‘संपलं ना?’ काका म्हणाले. बटण निघालं. दुसऱ्यावर हात गेला. ‘हा… हा त्याचा स्वेटर.’ दुसरं अर्धवट निघालं आणि तिथे त्यांची शक्ती सरली. तरी त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात म्हणाले, ‘मी बरा आहे.’

आणि थांबले. टाळ्यांसाठी थांबले होते. कुणी हललं नाही. काकांच्या चेहऱ्यावर नवख्या नटाचा गोंधळ पसरायला लागला, काही चुकलं का, वाक्य राहिलं का. उंच मुलाला ते बघवलं नाही. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने हात वर घेतले, दोन तळवे एकमेकांच्या जवळ आले, आणि बाईंनी त्याचं मनगट धरलं. धरलं ते इतकं घट्ट, की नंतर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. त्यांना एवढंच कळत होतं, की हे वाजलं की संपेल. घंटा वाजवायची सवय असलेला आपला हात आज आवरायचा. मुलाचं मनगट सोडून त्या स्टुलावर बसल्या, डोळ्याला डोळा येईल अशा. पुढे वाकून त्यांनी निघालेलं वरचं बटण पुन्हा काजात घातलं. मग खालचं. ‘नाही संपलं, काका,’ त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्यांचं नाव घेतलं, दुपारी मुलीने घेतलं तसं, पण आडनाव सोडून, ‘राव’ लावून, हळू. ‘माझं विचारायचं राहिलंय. दारूचं कसं काय होतं, सांगाल का मला?’

शांतता पसरली. कुठेतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरलं. मुलगी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, चपलांची पिशवी छातीशी धरून. काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. ‘डॉक्टर, मी आपला,’ त्यांनी सुरुवात केली, ‘मी आपला अधून…’ आणि वाक्य, हजारदा म्हटलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं वाक्य, त्यांना पुढे सापडेना. बाई थांबल्या. त्यांच्या हातात गुण लिहायचा कागद नव्हता. त्या कुणाचं थांबणं मोजत नव्हत्या. काकांची नजर त्यांच्यावरून निघाली, मुलांवरून फिरली, मुलीपाशी गेली आणि तिथेच टेकली.

‘रोज,’ ते म्हणाले.